द्राक्षबागेतली ‘हिरवी घोरपड’: नाशिकमधल्या एका इग्वानाचं प्रकरण

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. घडांसाठी केली जाणारी गोडी छाटणी उरकलेली, वेलींवर कोवळा पाला आलेला, घडांच्या विरळणीची घाई चाललेली. मखमलाबादच्या पुढे कालव्याला लागून असलेल्या एका द्राक्षबागेत मजुरांना मांडवाच्या तारांवर एक मोठा, हिरवट राखाडी रंगाचा प्राणी पसरलेला दिसला. बागायतदारांनी फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तासाभरात त्याला तीन नावं मिळाली. बहुतेकांनी घोरपड म्हटलं, काहींनी घोयरा सरडा, आणि एकाने मगरीचं पिल्लू. फिरत फिरत तो फोटो आमच्या बचावगटाकडे आला.

तो हिरवा इग्वाना होता, शास्त्रीय नाव इग्वाना इग्वाना. त्याचा मूळ मुलूख मेक्सिकोपासून ब्राझील आणि पॅराग्वेपर्यंत पसरलेला. भारतात इग्वाना कुळातली एकही जात निसर्गतः आढळत नाही. हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे, कारण इथे पुढचा प्रत्येक निर्णय ओळखीवर अवलंबून होता. घोरपड असती तर तिला हातही न लावता तिच्या वाटेने जाऊ द्यायचं होतं. इग्वाना होता, म्हणून त्याला कुठल्याही रानात सोडायचं नव्हतं. ‘पकडा आणि जंगलात सोडून द्या’ हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला चांगल्या मनानेच दिला जातो, पण या प्राण्याच्या बाबतीत तो चुकीचा होता.

ओळख

पहिली नेमकी ओळख आमच्यापैकी कोणाची नव्हती. विरळणीच्या कामासाठी पेठ तालुक्यातून आलेल्या एका मावशींनी आम्ही पोहोचायच्या आधीच सांगून टाकलं होतं, “दादा, ही घोरपड नाय. घोरपड माणूस दिसला का पळती, नायतर अंग फुगवून फुसफुसती. तिची जीभ सारखी आतबाहेर चालती. ही तर पाला खात बसलीय.”

त्यांच्या या चार वाक्यांत जवळजवळ सगळं आलं. आपली घोरपड शिकारी आहे. किडे, खेकडे, उंदीर, पक्ष्यांची अंडी, मेलेलं जनावर, जे मिळेल ते ती खाते. तिची जीभ सापासारखी लांब आणि टोकाला दुभंगलेली असते, आणि ती हवेतला वास त्या जिभेने टिपत चालते. इग्वानाची जीभ आखूड आणि मांसल. मोठा इग्वाना जवळपास पूर्ण शाकाहारी असतो. पानं, फुलं, फळं हाच त्याचा आहार, आणि तो पाला पचवायला त्याच्या मोठ्या आतड्यात आंबवणारे सूक्ष्मजीव असतात. द्राक्षाचा पाला चावत बसलेली घोरपड कोणी पाहिलेली नाही, पाहणारही नाही.

जवळून पाहिल्यावर बाकीच्या खुणा पटापट जुळल्या. डोळ्याच्या मागे कानाचा उघडा पडदा, आणि त्याच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, एक मोठा गोल चकचकीत खवला. हिरव्या इग्वानाची ही सगळ्यात भरवशाची खूण. कॅरिबियन बेटांवरच्या त्याच्या जवळच्या नातेवाईक जातीला, इग्वाना डेलिकाटिसिमाला, हा खवला नसतो. हनुवटीखाली बैलाच्या गळ्याला असते तशी लोंबती पोळी, तिच्या पुढच्या कडेला दातेरी खवले. मानेपासून शेपटीपर्यंत मऊ काट्यांची रांग. शेपटीवर गडद पट्टे. लांबी साधारण साडेतीन फूट, त्यातली दोन फुटांहून जास्त एकटी शेपूट. पूर्ण वाढलेला नर पाच फुटांच्या पुढे जातो, म्हणजे हा प्राणी अजून मधल्या वयातला होता.

रंगावरून मात्र कोणी ओळख ठरवू नये. पिल्लं पोपटी हिरवी असतात, वय वाढतं तसा रंग मळकट, राखाडी होत जातो, विणीच्या काळात नरांवर केशरी झाक चढते. थंडीत अंग काळपट पडतं, ऊन खाल्लं की उजळतं. सकाळच्या फोटोत हा प्राणी जवळजवळ घोरपडीच्या रंगाचा दिसत होता. ग्रुपवर झालेला गोंधळ त्यामुळेच.

घोयरा सरडा बाजूला काढणं सोपं होतं. तो फूट-सव्वा फुटाचा, डोळे सुळक्यावर बसवलेले आणि वेगवेगळ्या दिशांना फिरणारे, पायाची बोटं चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली, शेपूट गुंडाळणारी. इथे तसं काहीच नव्हतं. पाच लांब सुटी बोटं आणि प्रत्येकावर टोकदार नखी.

पकडताना

पकडायच्या आधी वन विभागाला कळवलं, आणि वनरक्षक आल्यावरच पुढचं काम सुरू केलं. प्राणी विदेशी असला तरी बचाव, पंचनामा आणि ताबा हे वन विभागामार्फतच व्हायला हवं. ही शिस्त पाळली की नंतर कोणाच्या मनात शंका राहत नाही, आणि प्राणी मधल्यामध्ये कोणाच्या तरी घरी पोहोचत नाही.

सकाळचा गारवा आमच्या बाजूने होता. सरपटणारे प्राणी बाहेरच्या उष्णतेवर चालतात. दुपारच्या उन्हात हाच इग्वाना क्षणात मांडवावरून कालव्यात उतरला असता, आणि पाण्यात त्याला गाठणं अशक्यच. शेपूट धरायची नाही हे सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. घाबरला की इग्वाना शेपूट तोडून टाकतो. ती पुन्हा येते, पण आखूड आणि पट्ट्यांशिवाय. डोक्याच्या माथ्यावर, दोन डोळ्यांच्या मधोमध थोडं मागे, त्याला एक फिकट ठिपका असतो. त्याला तिसरा डोळा म्हणतात. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून हात आला की त्याच्या लेखी तो ससाणा. म्हणून बाजूने, सावकाश जवळ जाऊन, टॉवेलने डोकं झाकलं आणि छाती-पोटाखाली दोन्ही हातांचा आधार दिला. शेपटीचे फटके बसले, नख्या लागल्या, चावा कोणाला बसला नाही. त्याचे दात बारीक आणि करवतीसारखे असतात, जखम खोल होऊ शकते. विषाचा मात्र प्रश्नच नाही, आणि हे बघ्यांना दोनदा सांगावं लागलं. साबणाने हात धुण्याबद्दल आम्ही जास्त आग्रही होतो, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

खरी काळजी निराळीच होती. बागेतला पाला म्हणजे फवारलेला पाला. डाऊनी आणि भुरी या द्राक्षांवरच्या बुरशीजन्य रोगांसाठी या दिवसांत बुरशीनाशकांचे हात चालूच असतात. प्राण्याने किती खाल्लं आणि त्यावर काय होतं, हे डॉक्टरांना कळणं गरजेचं होतं. बागायतदारांनी घरातून फवारणीची वही आणून दिली. निर्यातीच्या बागेत प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि प्रमाण लिहून ठेवावंच लागतं. त्या वहीच्या पानांचे फोटो पशुवैद्यकांना पाठवले आणि अंदाजाने उपचार करण्याची वेळ टळली. द्राक्ष बागायतदाराची शिस्त एका परक्या प्राण्याच्या कामी आली, याचा मला मनापासून आनंद वाटला.

रानटी की पाळीव?

कालव्याकाठी एक इग्वाना सापडला याचे दोन अर्थ होऊ शकतात. कोणाचा तरी पाळलेला सुटला किंवा सोडला, हा एक. दुसरा अर्थ फार गंभीर: तो इथेच जन्मला. म्हणून तपासणीचा भर यावर होता.

शरीराने उत्तर दिलं. खालचा जबडा किंचित मऊ आणि फुगीर, एका मागच्या पायाचं हाड जुन्या वाकाने जुळलेलं. कॅल्शियम आणि अतिनील किरणं कमी पडलेल्या, घरात वाढवलेल्या इग्वानाचं हे नेहमीचं दुखणं. रानात वाढलेला इग्वाना दिवसातले तासन् तास उघड्या उन्हात काढतो आणि त्याच्या त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं. काचेच्या पेटीत, साध्या पिवळ्या बल्बखाली, ते होत नाही. हाडं ठिसूळ होत जातात आणि पाळणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. नाकाच्या शेंड्यावरचे खवलेही घासून गेलेले होते, जाळीवर सतत तोंड घासल्याची ती खूण.

मांडीच्या आतल्या बाजूला इग्वानाला छिद्रांची रांग असते, नरांत ती ठळक आणि मेणासारख्या स्रावाने भरलेली. इथे ती बारीक होती. म्हणजे मादी. मादी म्हटल्यावर पोटात अंडी आहेत का हे पाहणं आलं. एक्स-रेमध्ये अंडी दिसली नाहीत. मालकाचा शोध लागला नाही. आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये विचारणा झाली, पण पुढे कोणी आलं नाही.

आता थोडं पाळण्याच्या धंद्याबद्दल. दुकानात विकलं जाणारं पिल्लू वीतभर असतं, हिरवंगार, तळहातावर बसणारं. घेणाऱ्याला ते तेवढंच राहील असं वाटतं. तीन-चार वर्षांत त्याला खोलीच्या भिंतीएवढा पिंजरा, विशिष्ट दिवे, ऊब, दमटपणा आणि रोजचा ताजा पाला लागतो. नर वयात आल्यावर आक्रमक होतो. मग एखाद्या संध्याकाळी गाडीच्या डिकीतून त्याला नदीकाठी नेऊन ‘मोकळं’ केलं जातं. जगभर जिथे जिथे हा प्राणी परका असून पसरला, तिथे सुटलेल्या आणि सोडलेल्या पाळीव इग्वानांचा मोठा वाटा आहे.

त्याचा स्वतःचा मुलूख

इग्वाना रानात कसा राहतो हे समजल्याशिवाय नाशिकला त्याची चिंता का करायची हे कळत नाही. मेक्सिकोच्या उष्ण पट्ट्यापासून मध्य अमेरिका, कोलंबिया, व्हेनेझुएला, ॲमेझॉनचं खोरं आणि दक्षिणेला पॅराग्वेपर्यंत, शिवाय कॅरिबियन समुद्रातली काही बेटं, हा त्याचा प्रदेश. तिथे तो नदीवर झुकलेल्या झाडांच्या शेंड्यांवर राहतो. दिवसाचा बराच वेळ ऊन खाण्यात आणि पाला पचवण्यात जातो. धोका दिसला की फांदीवरून सरळ खाली पाण्यात उडी. पाय अंगाला चिकटवून, शेपटीच्या वळशांनी तो उत्तम पोहतो. म्हणजे झाड आणि पाणी, दोन्ही त्याला जवळ लागतात. तिसरी गरज मादीची: मोकळी, उन्हात तापणारी, भुसभुशीत जमीन. कोरड्या दिवसांत ती तिथे बीळ खणते आणि एका वेळी २० ते ७० अंडी घालते. पनामातल्या गाटून तलावात स्लोथिया नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथे अनेक माद्या एकाच उघड्या जागेवर अंडी घालायला जमतात, आणि संशोधकांनी तिथे पिल्लं गटागटाने बाहेर पडताना पाहिली आहेत. तीन-चार महिन्यांनी पिल्लं निघतात ती पाऊस सुरू होताना, कोवळा पाला फुटलेला असताना.

त्याचे भाऊबंद याहून वेगळ्या जागी राहतात. गालापागोसचा समुद्री इग्वाना खडकांवर ऊन खातो आणि समुद्रात बुडी मारून शेवाळ चरतो. हैतीच्या बेटावरचा गेंडा-इग्वाना चुनखडीच्या रानात असतो. अमेरिकेच्या वाळवंटातही एक जात आहे. फिजीमधले पट्टेरी इग्वाना तर प्रशांत महासागराच्या मध्यावर. आशियाच्या मुख्य भूमीवर या कुळाचा मूळ रहिवासी कोणीच नाही. इथे सरडे, घोरपडी, घोयरे यांची आपापली घराणी आहेत.

‘सोडून द्या’ला नकार का

बघ्यांमधल्या एका आजोबांनी विचारलं, “एकटा जीव, कुणाला त्रास नाही. कालव्याकाठी राहिला तर काय बिघडलं?” प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं होतं.

फ्लोरिडात १९६० च्या दशकात पहिले इग्वाना दिसले तेव्हा तेही तुरळकच होते. आज तिथल्या दक्षिण भागात ते कालव्यांच्या बांधांमध्ये बिळं खणतात, त्यामुळे काठ खचतात. २०२१ मध्ये त्या राज्याने त्यांना बंदी घातलेल्या जातींच्या यादीत टाकलं. ग्रँड केमन बेटावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत दहा लाखांहून जास्त हिरवे इग्वाना मारावे लागले. फिजीत २००० साली कामेआ बेटावर तो आणला गेला आणि आता तिथल्या मूळ पट्टेरी इग्वानांची काळजी लागून राहिली आहे. आशियात दक्षिण तैवान, थायलंड आणि सिंगापूर इथे त्याने बस्तान बसवलं आहे.

एक उदाहरण आपल्या ओळखीच्या वनस्पतीचं आहे. सागरगोटा. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो उगवतो आणि मायामी ब्लू नावाचं अतिशय दुर्मीळ फुलपाखरू त्याच्यावर अंडी घालतं. तिथल्याच बाहिया होंडा बेटावर इग्वानांनी सागरगोट्याचा कोवळा पाला खाल्ला, आणि त्याबरोबर फुलपाखराची अंडी-अळ्याही गेल्या असाव्यात असं अभ्यासकांना वाटतं. तिथून ती वसाहत संपली. थंडी आणि दुष्काळ हीदेखील कारणं होती, पण इग्वानाचं नाव त्यात आहे. शाकाहारी प्राणी कोणाचं काय बिघडवणार, या समजाला एवढं पुरे.

मग नाशिकची थंडी? हा मुद्दा बागायतदारांनी काढला, आणि त्यांना थंडीची जाण असणारच. निफाडच्या पट्ट्यात पारा ५ अंशांखाली जातो तेव्हा पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, पाणी देतात, कारण मणी तडकतात. इग्वानाला १० अंशांखालीच हालचाल जड होते, ५ अंशांच्या आसपास तो ताठरून फांदीवरून खाली पडतो. २१ जानेवारी २०२० रोजी मायामीच्या हवामान कार्यालयाने ‘झाडांवरून इग्वाना पडू शकतात’ अशी सूचनाच काढली होती. पण तिथेही थंडीने सगळे मेले नाहीत. ऊन आल्यावर बरेच उठून चालू लागले, बिळात असलेले वाचले. २०१० च्या कडाक्यानंतरही त्यांची संख्या पुन्हा वाढली. माझं मत असं: निफाड-दिंडोरीची थंडी त्याला कठीण जाईल, पण तिला कुंपण मानू नये. पश्चिमेला सुरगाणा-पेठकडून घाट उतरला की हवा दमट आणि उबदार होत जाते, आणि पुढे कोकणपट्टी आहे. तिथे थंडीचा अडसर उरत नाही.

पाण्याचीही वाट आहे. १९९५ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या चक्रीवादळांनंतर उन्मळलेल्या झाडांच्या तराफ्यावर बसून पंधराएक हिरवे इग्वाना अँग्विला बेटावर पोहोचले, जिथे ते आधी नव्हते. समुद्र ओलांडणाऱ्याला गोदावरी काय जड? गंगापूर धरणातून विसर्ग सुटतो, नाशिकमध्ये गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागतं, तेव्हा काठावरची झाडंझुडपं वाहत खाली नांदूर मध्यमेश्वरपर्यंत जातात. तिथे पाणी आहे, झाडं आहेत, गाळाचे मोकळे काठ आहेत. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ते. तिथे असा पाहुणा आपण स्वतःहून पाठवायचा नाही.

हे सगळं ऐकून आजोबा म्हणाले, “मग त्याच्या देशाला पाठवा.” तेही होत नाही. बंदिवासात वाढलेल्या प्राण्याचं मूळ ठिकाण ठाऊक नसतं, अंगावर कोणते रोग आहेत ते कळत नाही, आणि वाकलेल्या पायाने तो तिथल्या झाडावर टिकणारही नाही. उरतो तो एकच मार्ग: आयुष्यभर चांगली देखभाल. वन विभागाच्या ताब्यातून, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने, ती मादी उपचारासाठी ठेवण्यात आली. उबेची जागा, अतिनील दिवा, कॅल्शियम, आणि शेवग्याचा, जास्वंदीचा न फवारलेला पाला. खाणं लवकर सुरू झालं. जबड्याची सूज उतरायला वेळ लागतो आहे, पायाचं हाड तसंच राहणार.

कायद्याची बाजू

थोडक्यात सांगतो. हिरवा इग्वाना १९७७ पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइट्समधल्या विदेशी जाती आता त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. असा प्राणी जवळ असेल तर परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्याची पिल्लं, मृत्यू, हस्तांतर, सगळं कळवावं लागतं. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले. घोरपडीचं मात्र वेगळं आहे. ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. ती पाळणं, पकडणं, मारणं, तिचे अवयव विकणं, सगळं गुन्हा. ‘हत्ताजोडी’ म्हणून पूजेच्या दुकानात विकली जाणारी वस्तू वनस्पतीचं मूळ नसून घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय असतं. ओळखीतली चूक म्हणून दोन्हीकडून महागात पडते. इग्वानाला घोरपड समजून रानात सोडलं तर रानाचं नुकसान. घोरपडीला ‘कुणाचा तरी सुटलेला इग्वाना’ समजून घरी नेलं तर एका संरक्षित जिवाचं नुकसान, आणि नेणाऱ्यावर गुन्हा.

पुढचं काम

एक मादी सापडली म्हणून शोध थांबवलेला नाही. कालव्याच्या दोन्ही काठांवर, करंज, उंबर आणि बाभळींच्या शेंड्यांवर, ऊन चढायच्या वेळी पाहणी चालू आहे. आतापर्यंत दुसरा इग्वाना, बीळ किंवा पाला खाल्ल्याची खूण मिळालेली नाही. खरी परीक्षा जून-जुलैत. प्रजनन होत असेल तर पहिल्या पावसाबरोबर पोपटी रंगाची वीतभर पिल्लं काठच्या झुडपांवर दिसतील. तेव्हा मजूर, पाटकरी आणि गुराखी यांची नजर आमच्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. पेठच्या त्या मावशींनी आपल्या टोळीतल्या सगळ्यांना खुणा समजावून सांगितल्या आहेत.

असा प्राणी दिसला तर फोटो डोक्याच्या बाजूने घ्या, कानाखालचा भाग स्पष्ट येऊ द्या. शेपटीचे पट्टे दिसतील असा दुसरा फोटो घ्या. बागेत असेल तर शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते लिहून ठेवा. दगड मारू नका, शेपूट धरू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तो क्रमांक चोवीस तास चालू असतो.